कराटेच्या सरांचा बाँड आणि बाबांचा कोरा चेक

दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न : आठ वर्षं तालुक्याच्या क्लासमध्ये कराटे शिकले. सतरा वर्षांची असताना सरांनी शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं. ब्लॅक बेल्टनंतर पाच वर्षं त्यांच्याकडेच शिकवायचं, पुढेही तालुक्यात स्वतःचा क्लास काढायचा नाही, काढला तर दोन लाख द्यायचे. बाबांचा सही केलेला कोरा चेकही ठेवून घेतला. आता मी बावीसची आहे. गावातल्या शाळेच्या पटांगणात तीस मुलींना शिकवते, महिना दोनशे रुपये घेते. सरांच्या वकिलाची नोटीस आली आहे. क्लास बंद करू का?

ताई, क्लास बंद करू नका.

सही केली तेव्हा तुम्ही कायद्याने अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या, होता. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 11 नुसार अज्ञान व्यक्तीला करारच करता येत नाही. मोहोरी बीबीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या शेवटच्या अपील कोर्टाने, 1903 मध्ये असा करार मुळातच शून्य, म्हणजे झालाच नाही असा, ठरवला, आणि आपली कोर्टं आजही तेच मानतात. अठरा पूर्ण झाल्यावर तुम्ही तोंडी ‘हो’ म्हटलं असलं, तरी त्या कागदात जीव येत नाही.

पण आठवून बघा, अठरानंतर दुसऱ्या कुठल्या कागदावर सही केली का? केली असेल तर लपवू नका, वकिलाला दाखवा. करार चालू असेपर्यंत दुसरीकडे शिकवायचं नाही, ही अट कोर्ट मान्य करू शकतं. करार संपल्यावर मात्र त्याच करार कायद्याचं कलम 27 आड येतं. कुणाला आपला कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता शून्य. क्रिकेटपटू झहीर खान आणि त्याचं व्यवस्थापन बघणारी कंपनी यांच्या वादात सुप्रीम कोर्टाने 2006 मध्ये हेच कलम लावलं होतं. मुदत संपल्यावरही खेळाडूला बांधणारी अट टिकली नाही.

मला खरी काळजी बाबांच्या चेकची वाटते. बाबा सज्ञान आहेत, आणि चेक कोरा होता एवढ्याने सुटका होत नाही. सही आहे म्हणजे देणं आहे, असं कोर्ट आधी गृहीत धरतं. म्हणून आजच बँकेत पेमेंट थांबवण्याचा अर्ज द्या, पोच घ्या. सरांना स्पीड पोस्टाने कळवा की चेक तारण म्हणून दिला होता, कसलंही देणं नाही, तो परत करावा. तरीही चेक वटवायला टाकला आणि परत आला, तर चेक न वटल्याची, चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट) कलम 138 ची नोटीस येईल. ती मिळाल्यापासून 15 दिवस मोजायचे. त्या दिवसांत गप्प बसू नका. कापसाच्या गडबडीत नोटीस आढ्याला खोचून ठेवणारे कास्तकार मी पाहिले आहेत, आणि पुढे कोर्टाच्या तारखांना येताना त्यांचे झालेले हालही.

सरांच्या क्लासचं नाव, बोधचिन्ह, त्यांच्या नावाचे बेल्ट आणि सर्टिफिकेट वापरू नका. तिथे त्यांची तक्रार रास्त ठरेल. तुमची फी किंवा परीक्षेचे पैसे बाकी असतील तर देऊन पावती घ्या. आठ वर्षं त्यांनी शिकवलं, त्याचं ऋण मीही मानतो. पण ते दोन लाखांच्या धाकाने वसूल होत नाही.

पटांगणासाठी शाळा व्यवस्थापन समितीची लेखी परवानगी आणि प्रत्येक मुलीच्या पालकांचं संमतीपत्र घेऊन ठेवा.

वकिलाची फी परवडत नसेल म्हणून थांबू नका. 1987 च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. दारव्ह्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे जा. सोबत नोटीस, तिचा लिफाफा, बाँडची झेरॉक्स आणि जन्मतारखेसाठी शाळेचा दाखला न्या.