ई-माउंटन बाइकच्या मोटरने मेहनतीचं चीज कसं करावं?

तुम्ही विचारलंय की सत्तेचाळिसाव्या वर्षी, गुडघे कुरकुरायला लागल्यावर, रविवारचा सिंहगड चालू ठेवायला इलेक्ट्रिक माउंटन बाइक घ्यावी का. मित्र म्हणतात ती स्कूटरच. आणि तुमचा खरा प्रश्न असा, की आपण जोर लावला तरच जोर लावेल अशी मोटर असते का?

असते. आणि माझ्या मते घ्यायची तर तशीच घ्यावी.

मी मूळचा पुण्याजवळच्या धायरीचा. सिंहगडाची पहिली चढाई शाळेत असताना हीरो रेंजरवर केली, अर्धी पेडल मारत, अर्धी ढकलत. आता अकरा वर्षं जर्मनीत फ्रायबुर्गला आहे. गावाला लागूनच ब्लॅक फॉरेस्ट सुरू होतं. इथला घरचा डोंगर शाउइन्सलांड, उंची १२८४ मीटर. आपला सिंहगड १३१२. त्यामुळे मनातल्या मनात मी त्याला सिंहगडच म्हणतो. चार वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, फिजिओथेरपिस्टने चढावर जोर लावायला बंदी घातली, तेव्हा ई-माउंटन बाइक घेतली. म्हणजे तुमच्याच वाटेने आलोय.

आधी मोटरला तुमची मेहनत कळते कशी ते बघा, कारण सगळं त्यावर आहे. आपल्याकडच्या बऱ्याच ई-सायकलींत मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये असते आणि सेन्सर फक्त एवढंच बघतो, की पेडल फिरतंय का. याला कॅडेन्स सेन्सर म्हणतात. पाय नुसते हवेत फिरवल्यासारखे फिरवले तरी मोटर पूर्ण रेटा देते, आणि तुम्ही जीव तोडून पेडल मारलं तरी तेवढाच देते. थ्रॉटल असेल तर पायांचीही गरज नाही. तुमचे मित्र स्कूटर म्हणतात ते बहुधा अशी सायकल बघून, आणि त्या सायकलीबद्दल ते चूक नाहीत. ऑफिसला जायला ती उत्तम आहे. डोंगरासाठी मात्र नाही.

दुसऱ्या प्रकारात मोटर मध्यभागी, पेडलांच्या आसाशी असते, आणि टॉर्क सेन्सर त्या आसावर पडणारा पीळ सतत मोजत राहतो, सेकंदाला हजारएक वेळा. तुम्ही किती दाबलंत हे तिला तुमचा पाय खाली पोचायच्या आत कळलेलं असतं. मोटर त्या जोराला गुणते. ३०० टक्के मदत म्हणजे तुमच्या एका वॅटला मोटरचे तीन. पाय थांबले की गुणाकार शून्य.

इथपर्यंत सगळे सांगतात. खरी मजा पुढे आहे: गुणाकाराचा आकडा कायम तोच असावा का?

समजा आकडा ठरलेला आहे, ३४० टक्के. मी साठ वॅटने, रमतगमत पेडल मारलं तरी मोटर दोनशेच्या वर वॅट देते. सायकल पळायला लागते, माझ्या पायांना काही कामच उरत नाही, आणि आणखी जोर लावायचं कारणही उरत नाही. आता आकडाच बदलता ठेवला तर? हलकं दाबलं तर १४० टक्के, म्हणजे साठला चौऱ्याऐंशी. नेटाने दाबलं की आकडा वर सरकत ३४० पर्यंत जातो. ई-बाइकच्या मोटरी बनवणाऱ्या बॉशने २०१७ साली 'ईएमटीबी' नावाचा मोड आणला तो याच कल्पनेवर, आणि पुढच्या पिढीच्या मोटरीत तो १४० ते ३४० टक्क्यांच्या दरम्यान सरकतो. दुसरी मोटर-कंपनी शिमानो, तिच्या 'ट्रेल' मोडचा स्वभावही असाच. यात जोर दुप्पट केला की मदत दुपटीहून जास्त वाढते. तुमचा पायच अ‍ॅक्सिलरेटर होतो. मेहनतीचं चीज होतं म्हणजे काय, ते इथे मांड्यांना कळतं.

याचा सगळ्यात मोठा फायदा वेगात नाही, ताब्यात आहे. फ्रायबुर्गच्या पूर्वेला रॉसकोप्फ म्हणून ७३७ मीटरचा डोंगर आहे. लाकूड वाहायच्या रस्त्याने वर जाताना एक डावं वळण लागतं. पाणी काढून द्यायला आडवी चर खोदलेली आहे आणि तिच्या लगेच वर बीचच्या झाडाची मुळं रस्त्यावर आलेली. पावसानंतर ती साबण लावल्यासारखी होतात. सुरुवातीला मी तिथे सगळ्यात जास्त मदतीचा टर्बो मोड लावून जायचो. चरीतून पुढचं चाक वर आलं की पेडलला जरा पाय लागायचा, मोटर सगळा टॉर्क, म्हणजे पिळाची ताकद, ओतायची, मागचं चाक मुळावर जागच्या जागी फिरायचं आणि मी पाय टेकवून उभा. आता बदलत्या आकड्याच्या मोडमध्ये जातो. चरीत अर्धंच पेडल, अगदी हलकं, मोटरही हलकीच. चाकाने मुळाला धरलं असं बुडाखाली जाणवलं, की मग जोर. मग मोटर येते. सहा महिने मी तिथे पडत होतो, कारण मोटरला माझा इशारा कळत नव्हता. मला जास्त ताकद नको होती, ती मला हवी तेव्हाच यायला हवी होती.

त्याच वळणाने आणखी एक शिकवलं. मुळांवरून जाताना क्षणभर पेडल थांबवावंच लागतं, नाहीतर ते मुळावर आपटतं. मोटर त्या क्षणी टपकन बंद झाली तर सायकल तिथेच मरते. म्हणून पाय थांबल्यावरही मोटरने निमिषभर रेटा चालू ठेवावा, असं मला वाटतं. ती फुकटची मदत नाही, आधी लावलेल्या जोराचीच ती राहिलेली बाकी आहे. पण निमिषभरच. त्यापुढे ती गाडी तुमची राहत नाही.

आता ज्यासाठी हे एवढं लिहायला बसलो ते सांगतो. मेहनत कोणाची मोजायची?

माझी बायको ५१ किलोची, मी ७८. दोघांच्या सायकलींचं मॉडेल एक, मोटर एक, मोडही एकच. पहिल्या उन्हाळ्यात शाउइन्सलांडच्या चढावर मी कायम पुढे आणि ती मागे. मला वाटायचं तिला सवय नाही. एकदा वरच्या बाकावर बसून पाणी पिताना ती म्हणाली, "ही गाडी तुझंच ऐकते. मी मरमर करते तरी तिला पत्ताच नसतो." मी घड्याळं बघितली. माझे ठोके १४०, तिचे १६८. म्हणजे जास्त कष्ट तिचे होते.

घरी येऊन कागद घेतला. चढावर मी साधारण १६० वॅट देत होतो, ती ९०. मोटर बघते ती वॅट आणि न्यूटन-मीटर (पिळाचं माप), आणि तिच्या हिशेबात ९० म्हणजे हलकं पेडल. सोयीसाठी धरा की मला ३०० टक्के मिळत होते आणि तिला १८०. माझे १६० आणि मोटरचे ४८० मिळून ६४०. सायकलसह माझं वजन १०३ किलो, म्हणजे किलोमागे सहा वॅटच्या वर. तिचे ९० आणि मोटरचे १६२ मिळून २५२; वजन ७६, म्हणजे किलोमागे जेमतेम सव्वातीन. जी व्यक्ती जास्त दमत होती तिच्या पदरात निम्मं पडत होतं. मेहनतीला दाद देणारा मोड प्रत्यक्षात धिप्पाड माणसाला दाद देत होता.

यात तिची चूक नाही आणि खरं तर मोटरचीही नाही. मोटर कोणीतरी ऐंशी किलोच्या पट्टीच्या सायकलस्वाराला मनात धरून जुळवली असणार. उपाय अ‍ॅपमध्ये होता. हल्ली बहुतेक चांगल्या मोटरींच्या अ‍ॅपमध्ये मदतीचं प्रमाण, प्रतिसाद किती चटकन हवा आणि कमाल टॉर्क, ही तिन्ही वेगवेगळी बदलता येतात. तिच्या सायकलीत खालचं प्रमाण वाढवलं, प्रतिसाद तिखट केला आणि कमाल टॉर्क उलट कमी केला, कारण हलक्या माणसाचं पुढचं चाक चढावर लगेच उचलतं. त्या दिवसापासून आम्ही शेजारी-शेजारी, बोलत चढतो. लग्नानंतर पहिल्यांदा आम्हाला एकच खेळ सापडला, हे मी मनापासून लिहितोय.

म्हणून माझं मागणं असं, की मोटरने पहिल्या चार-पाच फेऱ्यांत चालवणाऱ्याची कुवत ओळखावी आणि त्या कुवतीतला किती हिस्सा तो आत्ता लावतोय त्यावर मदत ठरवावी. साठीच्या बाईचे ऐंशी वॅट आणि पंचविशीच्या पैलवानाचे अडीचशे, दोन्ही सारखेच कष्ट असू शकतात. थेट नाडीच्या ठोक्यांवर मोटर चालवावी असंही काही जण सुचवतात, पण ठोके जोराच्या मागून येतात, अर्ध्या-एक मिनिटाने. तोवर वळण संपलेलं असतं. कुवत ओळखायला ठोके वापरा, क्षणाक्षणाची मदत मात्र पायावरच ठेवा.

एक आक्षेप मलाही मान्य आहे. तीन तासांनंतर पाय रिकामे झाले की बदलत्या आकड्याचा मोड नेमका तेव्हाच कमी देतो. दमलेल्या माणसाला शिक्षा नको. म्हणून ठरलेल्या आकड्याचा मोडही हँडलवरच्या एका बटणावर हवा. मी तो शेवटच्या चढाला वापरतो आणि त्याची लाज वाटून घेत नाही.

कायद्याचं थोडक्यात. जपानमध्ये यामाहाने १९९३ मध्ये पेडलला मदत करणारी पहिली इलेक्ट्रिक सायकल बाजारात आणली, आणि तिथल्या नियमात प्रमाणच लिहिलेलं आहे: आधी एकास एक, २००८ पासून ताशी १० किलोमीटरपर्यंत तुमच्या एकाला मोटरचे दोन, मग हळूहळू कमी होत २४ ला शून्य. युरोपात २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटर एवढंच आहे, प्रमाणाबद्दल अक्षर नाही. त्यातही २५० ही सलग चालण्याची क्षमता. क्षणिक ताकद कितीही जास्त असू शकते. २०२४ मध्ये ड्रोन बनवणाऱ्या डीजेआय कंपनीने आणलेली मोटर 'बूस्ट' या जादा ताकदीच्या मोडमध्ये क्षणभर १००० वॅटपर्यंत जाते. त्यानंतर जर्मन सायकल उद्योगाच्या संघटनेनेच २०२५ मध्ये एकास चार आणि ७५० वॅट अशी मर्यादा सुचवली. मला ती पटते. एकास आठ झालं तर पायाचं काम फक्त बटण दाबण्यापुरतं उरतं, आणि मग जंगलातल्या वाटा आपल्याला का खुल्या ठेवाव्यात याचं उत्तर आपल्याकडे राहणार नाही. भारतातही २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत असाल तर नोंदणी-लायसन्स लागत नाही.

व्यायाम होतो का? अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने २०१९ मध्ये माउंटन बाइक चालवणाऱ्यांना एकाच वाटेवर दोन्ही सायकली चालवायला दिल्या. ई-बाइकवर हृदयाचे सरासरी ठोके साध्या सायकलीच्या सुमारे ९४ टक्के होते, आणि चालवणाऱ्यांना मात्र आपण फार कमी कष्ट केले असं वाटत होतं. मित्रांना हे सांगा.

आता तुमच्या सिंहगडाचा हिशेब. गोळेवाडीपासून वरच्या वाहनतळापर्यंत साधारण नऊ किलोमीटर आणि सहाशे मीटरच्या आसपास चढ. सायकलसह वजन शंभर किलो धरलं आणि तासाभरात चढायचं म्हटलं, तर एकूण १९० वॅटच्या जवळपास लागतात. तुम्ही ९० दिलेत तर मोटरला शंभरच द्यायचे आहेत. म्हणजे नुसती एकास एक मदत पुरते! गुडघ्यावरचा भार निम्मा, घाम शिल्लक. बॅटरीतून जातील १३० वॅट-अवरच्या आसपास, म्हणजे ५०० ची बॅटरी असेल तर एका चार्जवर सिंहगड तीनदा होईल. गुडघ्यासाठी आणखी एक: जड गिअरमध्ये दाबून चढू नका. हलका गिअर, मिनिटाला ७५-८० फेरे. मधल्या मोटरींना तेच मानवतं आणि सांध्यालाही.

दुकानात विक्रेता टॉर्क सेन्सर आहे म्हणेल. त्यावर थांबू नका. छोट्या चढावर सगळ्यात हलका गिअर टाकून पाय नुसते फिरवा. सायकल ओढून पुढे पळाली तर ती तुमची नाही. मग तोच चढ उभं राहून, पेडलवर वजन टाकून चढा. मोटरचा आवाज पायाबरोबर चढला-उतरला पाहिजे. ब्रेक दाबून धरा आणि पेडलवर पाय ठेवा: सायकल हाताखाली जोर धरते का बघा. धरत असेल तर चांगलं, पण चढावर थांबताना पाय पेडलवर ठेवायचा नाही, ही सवय पहिल्याच दिवशी लावून घ्या. आणि वहिनीही येणार असतील तर त्यांना दुकानात सोबत न्या, त्यांच्या पायाखाली ती सायकल काय करते ते वेगळं बघा. तुमच्या पायाखाली चांगली वाटली म्हणून दोन्ही एकदम घेऊ नका.