‘आमच्याकडे तसं कुणी नाही’

प्रश्न : अपंग व्यक्तींच्या नोंदीसाठी आम्ही घरोघरी जातो. दारातच उत्तर मिळतं, ‘आमच्याकडे तसं कुणी नाही.’ आतून मात्र काठीची टकटक ऐकू येत असते. काय करावं?

घरचे खोटं बोलत नाहीत, प्रश्नच चुकलाय. ‘कुणी अपंग आहे का?’ याला हो म्हणायचं म्हणजे आपल्याच माणसावर शिक्का मारायचा. शिवाय म्हातारपणी कमी ऐकू येणं याला कुणी अपंगत्व मानत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाच्या पुढाकाराने २००१ साली स्थापन झालेल्या, अपंगत्वाच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या वॉशिंग्टन गटाची सहा प्रश्नांची छोटी प्रश्नावली वापरा. तिच्यात ‘अपंग’ हा शब्दच नाही. चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का? यंत्र लावूनही ऐकायला? चालायला, पायऱ्या चढायला? लक्षात ठेवायला, लक्ष द्यायला? अंघोळ करायला, कपडे घालायला? आणि नेहमीच्या भाषेत बोलताना समजून घ्यायला, समजावून सांगायला? उत्तरं चारच : अजिबात नाही, थोडा, खूप, जमतच नाही. एका जरी प्रश्नाला ‘खूप’ किंवा ‘जमतच नाही’ आलं, तरी नोंद करायची.

चुका ठरलेल्या असतात. घाईत चार पर्याय गाळून हो-नाही विचारलं जातं. मग ‘थोडा’ आणि ‘खूप’ एकाच रकान्यात जातात. कुणी सुरुवातीलाच ‘हे अपंगांचं सर्वेक्षण आहे’ असं सांगून टाकतं. मग सगळं मुसळ केरात. बोलीतलं भाषांतरही दारात उभ्या उभ्या करू नका. आधी लिहून काढा, मूळ प्रश्न न पाहिलेल्या माणसाकडून ते परत मूळ भाषेत भाषांतरित करून घ्या आणि मूळ प्रश्नांशी ताडून पाहा.

ही प्रश्नावली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी नाही. २ ते १७ वयोगटासाठी युनिसेफबरोबर केलेली वेगळी आहे. मानसिक आजार मात्र या सहा प्रश्नांतून बरेचदा निसटतात.

प्रश्न : ज्या बाईंच्या घरी जातो त्यांना फक्त बोली येते, आम्हाला ती येत नाही. त्यांची दहा वर्षांची मुलगी दुभाष्याचं काम करते. चालेल का?

पाणी मागण्यापुरतं चालेल. लघवी, शय्याव्रण (पडून राहून होणाऱ्या जखमा), घरातली मारहाण यांबद्दल विचारायचं असेल तर नाही. आई पाच मिनिटं बोलते आणि मुलगी सांगते, ‘ठीक आहे म्हणते’. मधली पाच मिनिटं गेली कुठे?

बाहेरचा दुभाषी आणा, पण आणण्याआधी बाईंना त्याचं नाव सांगून विचारा. लहान गावात तो त्यांच्याच भावकीतला निघू शकतो. तसं असेल तर दूरच्या दुभाष्याला फोनवर घ्या. शरीराच्या तक्रारींसाठी स्त्री दुभाषी हवी का, तेही विचारा. बसताना त्रिकोणात बसा, नजर बाईंकडे ठेवा, ‘त्यांना विचारा’ न म्हणता थेट ‘तुम्हाला’ म्हणा. दोन वाक्यं झाली की थांबा. शेवटी ‘कळलं का?’ नको, हो हेच उत्तर येतं. ‘आता घरी काय करणार, सांगा बरं’ असं विचारा.

व्यक्ती जन्मतः बहिरी असेल आणि शाळेत गेलीच नसेल, तर तिच्या खुणा घरातच तयार झालेल्या असतात. तिथे एकट्या सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचं काही चालत नाही; त्या खुणा जाणणारं घरातलं कुणी तरी मोठं माणूस सोबत लागतंच.

प्रश्न : चाकाची खुर्ची दिली, पण ती कोपऱ्यात पडून आहे.

घरचा वावर जमिनीवर असेल तर पडूनच राहणार. जमिनीवरून ४५-५० सेंटिमीटर उंच बैठकीवर एका दमात चढणं अवघड असतं. मध्ये साधारण १५ आणि ३० सेंटिमीटरचे दोन भक्कम, न सरकणारे टप्पे करून द्या. चढण्याआधी खुर्चीचे ब्रेक लावायचे आणि पायटे (पाय ठेवायच्या पट्ट्या) बाजूला करायचे, नाहीतर खुर्ची मागे सरकते किंवा पुढे कलंडते. उंबऱ्याच्या उताराला उंचीच्या बारापट लांबी ठेवा.