वॉटर पंप घरी बदला, पण थर्मोस्टॅटला हात लावू देऊ नका

तुम्ही विचारलंय की नाशिकच्या सिडकोत राहतो, जुनी बोलेरो आहे, पंपाखाली पाणी टपकतं. गॅरेजवाला म्हणतो पंप बदलू "आणि थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी थंड चालेल". हे काम घरी जमेल का, वेळ आणि खर्च किती?

जमेल. रिंग पाने आणि सॉकेट सेट हाताळायची सवय असेल तर एका रविवारचं काम आहे. पण खरं सांगायचं तर मी लिहायला बसलो ते त्या गॅरेजवाल्याच्या दुसऱ्या वाक्यामुळे.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवून धरणारी झडप. तो काढून टाकणं हा आपल्याकडचा जुना आजार आहे. म्हणे तो थंड देशांसाठी असतो, इथे कुठे बर्फ पडतो. पहिली गोष्ट, थंडीत निफाडचा पारा एक आकडी होतो. दुसरी आणि खरी गोष्ट, इंजिनाला बाहेरच्या हवेशी देणंघेणं नाही. त्याला आत ऐंशी अंशांच्या वर तापमान लागतं. त्याखाली सतत चाललं तर डिझेल नीट जळत नाही, काजळी वाढते, ऑइल खराब होतं, लायनर-रिंगा झिजतात. आणि बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते. वरची झडप रेडिएटरची वाट उघडते तेव्हा ही चकती बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून थेट पंपाकडे जाणारी वाट बंद करते. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा, आणि निम्मंअर्धं पाणी रेडिएटरला वळसा घालून गरमच्या गरम परत पंपात. गावात फिरताना कळत नाही. भरलेली गाडी कसारा घाट चढायला लागली की काटा वर. मग तोच माणूस सांगतो, रेडिएटर चोक आहे.

थर्मोस्टॅटवर शंका असेल तर तपासा. चहाच्या पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने मधोमध लटकवा, तळाला टेकू देऊ नका, थर्मामीटर सोडा आणि तापवा. त्याच्यावर 82 किंवा जवळपासचा आकडा कोरलेला असतो. त्याच्या दोन-तीन अंश मागेपुढे झडप हलायला हवी, आणखी दहा-बारा अंशांत पूर्ण उघडायला हवी. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच, इथे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे ही चाचणी बसते. उकळूनही उघडला नाही तर नवा घ्या. पंपाच्या कामात पाणी काढलेलंच असतं, तेव्हाच बदलून टाका.

आता पंप. आधी खात्री करा की पंपच गळतोय. वरच्या होजची क्लिप ढिली असली तरी पंख्याच्या वाऱ्याने पाणी पंपावर येतं. पंपाच्या पोटाला, शाफ्टच्या खाली एक बारीक भोक असतं. सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये घुसण्याआधी तिथून बाहेर पडावं म्हणून ते ठेवलेलं असतं. तिथून खाली हिरवा, गुलाबी किंवा पांढरा ओघळ वाळलेला दिसला तर सील गेलं. सिलिकॉनने ते भोक बुजवणारे लोक आहेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं. इंजिन बंद करून पुली वर-खाली धरून हलवा. प्ले, म्हणजे सैलपणा, जाणवला तर बेअरिंगही गेलं.

गाडी सपाट जागी, इंजिन पूर्ण थंड, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली. बोल्ट गंजलेले असतील तर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. कूलंट, म्हणजे रेडिएटरमधलं रंगीत पाणी, खाली टबात घ्या, गटारात नको. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

बेल्ट ताणलेला असतानाच पंखा आणि पुलीचे बोल्ट ढिले करा. बेल्ट आधी काढला की पुली हाताबरोबर फिरत राहते आणि अर्धा तास त्यातच जातो. मग डायनामोचे दोन्ही बोल्ट ढिले करून बेल्ट उतरवा. ऑटो टेन्शनर असेल तर तो पान्याने दाबून धरा. पंख्याला व्हिस्कस क्लच (आत घट्ट तेल असलेला) असेल तर काढल्यावर उभाच ठेवा, आडवा पडला तर आतलं तेल गळू शकतं. त्याचा मोठा नट काही गाड्यांत उलट्या आट्यांचा असतो. जोर लावण्याआधी बघा.

पंपाचे बोल्ट एका लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढा, बोल्ट निघेल तसा त्याच जागी पुठ्ठ्यात खोचा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला की बूड टेकतं, बोल्ट घट्ट वाटतो आणि पॅकिंग (पंप आणि ब्लॉकच्या मधला गॅस्केट) मात्र सैलच राहतं. पंप चिकटला असेल तर लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके द्या. दोन पृष्ठांच्या मध्ये स्क्रू ड्रायव्हर घालू नका, ॲल्युमिनियमवर एक ओरखडा पडला की तिथूनच गळणार.

जुना पंप उलटा करून बघा, बोअरच्या पाण्यावर चाललेल्या गाडीचा तर जरूर बघा. इम्पेलरच्या, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या चक्राच्या, पात्यांच्या कडा खाऊन टाकलेल्या असतात, टोकाशी कागदासारख्या पातळ, आणि मागे सीलच्या भोवती खरखरीत पांढरट-तांबूस थर. तो थर सीलचं तोंड घासतो, म्हणून सील जातं. म्हणजे पंप आपोआप गेलेला नसतो. नव्या पंपातही तेच पाणी भरलं तर तोही तसाच जाणार.

नवा आणि जुना शेजारी ठेवून जुळवा: पुलीच्या बैठकीची उंची, पात्यांची दिशा, भोकांच्या जागा. बोलेरो आपल्या नाशिकच्याच प्लँटमध्ये बनते, पार्टची वानवा नाही, पण दुकानदाराला "बोलेरोचा पंप द्या" एवढंच सांगू नका. इंजिन आणि मॉडेल वर्ष सांगा. खर्चाचा आकडा द्वारका चौकातल्या एक-दोन दुकानांत विचारलात की कळेल. पंपाबरोबर पॅकिंग, बेल्ट आणि रेडिएटर कॅप जोडून विचारा, कारण कॅपचं रबर गेलेलं असेल तर दाब टिकत नाही आणि नव्या पंपालाही शिव्या पडतात.

ब्लॉकच्या तोंडात कापड कोंबा आणि जुनं पॅकिंग ब्लेड आडवं धरून किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा. ग्राइंडरची चकती नको. कागदी पॅकिंगला दोन्ही बाजूंनी सिलिकॉनचा पातळ हात पुरे. जास्त लावलं की आत लोळ सुटतो आणि रेडिएटरच्या नळ्यांत अडकतो. रबरी रिंग असेल तर सिलिकॉन अजिबात नाही, कूलंटचं बोट फिरवा. बोल्ट समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. 10 च्या डोक्याचा 6 मिमीचा बोल्ट असेल तर सुमारे 10 न्यूटन-मीटर, 8 मिमीचा असेल तर 20 ते 25. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. पाण्यात जाणाऱ्या बोल्टच्या आट्यांना सीलंट लावा. बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबून साधारण 10 मिमी दबला पाहिजे. तारेसारखा ताणलात तर नवं बेअरिंग लवकर ओरडायला लागेल.

सिलिकॉन लावलं असेल तर ट्यूबवर लिहिलेला वेळ थांबा, रात्रभर थांबलात तर उत्तम. सिस्टीम धुवायला नळाचं पाणी चालेल, पण शेवटचं पाणी बॅटरीचं, म्हणजे बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी हवं. धुतलेलं पाणी ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये थोडं उरतंच. त्यामुळे मॅन्युअलमधल्या एकूण क्षमतेच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट कूलंट आधी ओता, वरची भर बॅटरीच्या पाण्याने. रेडीमिक्स आणलंत तर त्यात पाणी घालायचं नाही, फक्त आत उरलेल्या पाण्याने ते थोडं पातळ होईल हे धरून चाला.

हवा काढण्यात लोक घाई करतात. थर्मोस्टॅटला छोटी हलती पिन असेल तर ती वर ठेवून बसवा. हीटर फुल गरमवर, कॅप उघडी, हळूहळू ओता, वरचा होज दाबून बुडबुडे काढा, मग इंजिन आयडलवर. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते आणि वरचा होज तापतो. तेव्हा भरा आणि कॅप लावा. हीटरमधून थंड वारा येत असेल तर आत हवा आहे. अशा वेळी काट्यावर विसंबू नका, सेन्सर वाफेत लटकत असेल तर काटा साळसूदपणे खालीच राहतो. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर पातळी बघा. नव्या पंपाच्या भोकातून सुरुवातीला दोन-चार थेंब आले तर चालतं, धार आली तर पंप दुकानात परत.

हे सगळं पंप बाहेरच्या बेल्टवर असेल तर. ज्या गाडीत पंप टायमिंग बेल्टच्या (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ ठेवणाऱ्या पट्ट्याच्या) आत आहे तिथे बेल्ट बसवण्याची खूण चुकली तर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडू शकतात, पहिल्यांदा करणाऱ्याने ते काम घेऊ नये. 1.3 लिटरच्या मारुती जिप्सीत पंप बाहेरच्या बेल्टवर फिरतो, तरी तो काढायला टायमिंग बेल्ट उतरवावा लागतो. आणि गाडी आधीच उकळून बंद पडलेली असेल, ऑइल दुधाळ झालं असेल किंवा कूलंटमध्ये सतत बुडबुडे येत असतील, तर पंपाआधी हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) तपासा.

गॅरेजमध्येच करून घेणार असाल तर जुना पंप आणि जुना थर्मोस्टॅट दोन्ही परत मागा, आणि नवा थर्मोस्टॅट हाउसिंगमध्ये बसताना समोर उभे राहा.