शंकासमाधान : आत्महत्या आणि क्षमा

प्रश्न : माझ्या धाकट्या दिरांनी नैराश्यात आत्महत्या केली. पश्चात्तापाला वेळच मिळाला नाही, म्हणून त्यांना क्षमा नाही, असे नातेवाईक म्हणतात. त्यांच्यासाठी मिस्सा (चर्चमधील पवित्र उपासनाविधी) अर्पण करता येईल का?
– एक वाचक, वानवडी, पुणे

उत्तर : अवश्य येईल. जीवन हे देवाचे दान असल्यामुळे चर्च आत्महत्येला गंभीर पापच मानते. परंतु तीव्र मानसिक व्याधीने माणसाची जबाबदारी कमी होते आणि केवळ देवालाच ठाऊक असलेल्या मार्गांनी त्याला पश्चात्तापाची संधी मिळू शकते, असे १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात स्पष्ट म्हटले आहे. जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यांना दफनविधी नाकारण्याची १९१७ च्या धर्मसंहितेतील (चर्चच्या कायदेसंग्रहातील) तरतूद १९८३ च्या संहितेत उरली नाही. नातेवाइकांच्या बोलण्यात मात्र ती अजून टिकून आहे. घरात आणखी कोणी खचले असल्यास डॉक्टरांकडे न्यावे; टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही आहे.