संकष्टीच्या सकाळी समुद्र किती मागे जातो

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही कांदिवलीला राहतो. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. मिस्टरांना शिफ्ट ड्युटी, त्यामुळे मोकळा रविवार महिन्यातून एखादाच मिळतो. मग त्या दिवशी मुलांना कुठेतरी न्यायचं म्हणून मॉलमधल्या गेम झोनला जातो, तिथे हजार-दीड हजार कधी उडतात कळत नाही आणि येताना दोघं रडत, चिडचिड करत घरी. रिसॉर्ट वगैरे परवडणारं नाही, आणि हातात असलेला एकुलता एक दिवस सगळा बाहेर घालवायचं पण जिवावर येतं. अर्ध्या दिवसात होईल, खर्च फार नाही आणि मुलांना खरंच मजा येईल असं काही सांगाल का? — एक आई, कांदिवली

उत्तर : जुहूला जा. आता तुम्ही म्हणाल जुहू काय नवीन आहे, दहा वेळा जाऊन आलोय. पण आपण सगळे जातो ते संध्याकाळी, गर्दीत, भेळ नि गोळा खायला, आणि समुद्र नुसता लांबून बघून परत येतो. मी म्हणतेय ते सकाळी, आणि बरोब्बर ओहोटीच्या वेळेला. पाणी इतकं मागे गेलेलं असतं की ओल्या वाळूचं केवढं तरी मोठं मैदान मिळतं, आणि त्या मैदानात बघण्यासारखं इतकं असतं की मुलं दोन तास मान वर करत नाहीत.

आता ओहोटी कधी हे काढायचं काम मुलीला द्या, नऊ वर्षांच्या मुलीला ते अगदी जमण्यासारखं आहे. आपल्या कोळीवाड्यांत आणि कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. भिंतीवरचं कालनिर्णय काढून तिथी बघायला सांगा. समजा चतुर्थी आहे, तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती, दुपारी तीनला एक आणि पहाटे तीनच्या आसपास दुसरी. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी नऊला पाणी सगळ्यात मागे. मग संकष्टी असो नाहीतर विनायकी, हिशोब तोच, कारण पौर्णिमा झाली की तिथी पुन्हा एकपासून सुरू होते. पाऊणच का असं तिने विचारलं (आणि ती विचारेल) तर सांगा की चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा पाऊण-एक तास उशिरा उगवतो आणि भरती त्याच्याबरोबर तेवढीच पुढे सरकते. तिला मग रात्री गच्चीत किंवा खिडकीत चंद्र शोधावासा वाटेल, तेही करा.

हा हिशोब अंदाजाचा आहे, अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतं, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मोबाईलवर मुंबईचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून घ्या. त्यात वेळेच्या पुढे पाण्याची उंची मीटरमध्ये दिलेली असते, ओहोटीची उंची एक मीटरच्या खाली असेल तर छान. मुलीने काढलेली वेळ आणि छापलेली वेळ तिलाच वहीत शेजारी शेजारी लिहू दे, फरक किती आला ते तिलाच काढू दे. शाळेत पाव, अर्धा, पाऊण शिकतात ते इथे एकदम कामाला येतं.

कुठला रविवार निवडायचा तर द्वितीया ते चतुर्थी यातली तिथी असलेला, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसात ते नऊच्या मध्ये येते. पंचमीही चालेल, जरा उशीर होतो इतकंच. दर महिन्यात असा रविवार सापडेलच असं नाही. नाहीच जुळला आणि पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर संध्याकाळी पाचच्या सुमाराला जा. अष्टमीच्या आसपास मात्र नको, तेव्हा भांगाचं पाणी असतं, धड चढत नाही नि धड उतरत नाही, मुलं हिरमुसतील.

ओहोटीच्या तासभर आधी पोचायचं. पार्ल्याला उतरून बस किंवा रिक्षा. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला लोकलचं तिकीट लागत नाही, पाच झाली की अर्धं लागतं, तेव्हा धाकट्याचं बघून घ्या. लवकर गेल्याचा अजून एक फायदा म्हणजे रविवारचा रेल्वेचा ब्लॉक बहुतेक दहा-अकराच्या पुढे सुरू होतो, तर जाताना तरी अडकत नाही, येतानाचं आदल्या दिवशी बघून ठेवा.

आणि तिथे काय बघायचं? पायाखाली बघायचं. ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या, वाटाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी पसरलेली दिसेल, मधोमध एक बारीक भोक. त्या भोकाशी अजिबात न हलता बसायचं. थोड्या वेळाने एवढासा खेकडा बाहेर येतो, वाळू तोंडात घालून त्यातलं खाणं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकून देतो, आणि हे इतक्या भराभर की बघत राहावं. तुमचा पाच वर्षांचा मुलगा न हलता किती वेळ बसू शकतो ते तुम्हालाच तिथे कळेल. खडक असतील तिथे कालवं चिकटलेली दिसतात, खळग्यात साठलेल्या पाण्यात शंख चालताना दिसतो, पुष्कळदा तो शंख नसतोच चालत, आत खेकडा घर करून राहिलेला असतो. म्हणून रिकामे दिसले तरी शंख पिशवीत भरून आणू नका, कुणाला तरी ते घर म्हणून लागतात. वहीत चित्र काढा, फोटो काढा. आणि शंकूच्या आकाराचा जिवंत शंख असेल तर हात मुळीच लावायचा नाही, काहींचा डंख विषारी असतो.

आता सांगते ते नीट ऐका. जून ते सप्टेंबर हे करायचं नाही. पावसात लाटा कुठून कशा येतील सांगता येत नाही, शिवाय जुहूला तेव्हा निळ्या फुग्यासारखे ब्लू बॉटल वाहून येतात, त्यांच्या धाग्यांचा डंख फार झोंबतो, मेलेला दिसला तरी डंख मारतो. बाकीच्या महिन्यांतही पायात मागे पट्टा असलेले सँडल घालायचे, शेवाळावर चालायचं नाही, आणि मोबाईलवर ओहोटीच्या वेळेचाच अलार्म लावायचा. अलार्म वाजला की पाणी परत फिरलं, आपणही किनाऱ्याकडे वळायचं. पहिल्या तासात पाणी हळू चढतं म्हणून माणूस गाफील राहतो, तिसऱ्या-चौथ्या तासात ते सगळ्यात जोरात चढतं. खडकांवर लांब जाऊन सेल्फी वगैरे अजिबात नाही, आणि अक्सा जवळ पडतं म्हणून तिथल्या पाण्यात मुलांना उतरवू नका, तिथे बुडाल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो.

दहा-साडेदहापर्यंत नाश्ता करून निघालात तर दुपारचं जेवण घरी. खर्च तिकिटाचा, रिक्षाचा आणि इडलीचा. गेम झोनमध्ये मुलं चिडतात त्याचं कारण मला असं वाटतं की तिथे मुलांनी करायचं असं काहीच नसतं, कार्ड संपलं की खेळ संपला. इथे वेळ मुलीने काढलेली, खेकडा मुलाने शोधलेला, मग रडायला कारण उरत नाही.

प्रश्न : आमच्या लेकाला दिवाळीत किल्ला करायचाय. आम्ही चौथ्या मजल्यावर, बाल्कनी जेमतेम चार बाय सहा. सोसायटीच्या आवारात सगळं पार्किंग, तिथे करू देत नाहीत, आणि बाल्कनीत माती आणली की खालच्या काकूंच्या कपड्यांवर पाणी गळतं, मागच्या वर्षी भांडण झालं. थर्माकोलचा तयार किल्ला आणू का? — एक बाबा, गोरेगाव

उत्तर : नको हो, तयार नका आणू. हाताला चिखल लागला नाही तर किल्ला केला कशाला! बाल्कनीत होतो, फक्त पाण्याचं गणित सांभाळायचं.

जुन्या प्लायचा तुकडा दोन विटांवर ठेवा, त्यावर जाड प्लॅस्टिक, चारही कडा वर दुमडून. डोंगर विटांचा करू नका, वजन होतं, पुठ्ठ्याचे खोके उपडे घालून त्यात कागदाचे बोळे कोंबा. त्यावर गोणपाट. हे गोणपाट बादलीत कालवलेल्या मातीत बुडवून, चांगलं पिळून पसरायचं, म्हणजे माती पातळ थरात बसते आणि सुकली की डोंगराच्या घड्या आपोआप दिसतात. पाच-सहा किलो लाल माती पुरते, नर्सरीत मिळते. नंतर पाणी फक्त स्प्रेच्या बाटलीने, मग्गा हातात द्यायचाच नाही. काकूंना सुरुवातीलाच बोलवा आणि दाखवा, लेकालाच खाली जाऊन सांगू दे की मी असा असा करणार आहे, भांडण तिथेच निम्मं मिटतं.

हिरवळीसाठी आळीव. भिजवू नका, चिकट होतात. किल्ला व्हायच्या चार-पाच दिवस आधी ओल्या मातीवर नुसते भुरभुरून वर ओला कागद झाकायचा, दोन दिवसांत मोड दिसले की कागद काढायचा. मोहरी पण चालते.

किल्ला कुठला हे आधी ठरवा, नाहीतर नुसता उंचवटा होतो आणि वर महाराज बसतात. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मराठ्यांचे बारा किल्ले घेतले, त्यातला एक निवडू दे. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे आपले अकरा आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी. तुमची जागा बघता मी तर सिंधुदुर्गच म्हणेन. जलदुर्ग असल्यामुळे उंच डोंगर लागत नाही, निळा कागद पसरला की समुद्र झाला, आणि लांबच लांब नागमोडी तटबंदी वळवायचं काम मुलांना फार आवडतं, मातीच्या वळकट्या करून लावत सुटतात. 1664 साली मालवणच्या समुद्रात कुरटे बेटावर महाराजांनी तो बांधायला घेतला. दरवाजा असा बांधलाय की समोरून येणाऱ्याला तो चटकन दिसतच नाही, बुरूज वळवून त्याच्या आड ठेवलाय, हे लेकाला करून बघू दे, पाच-सहा वेळा मोडेल, मोडू दे. आणि आत तीन विहिरी विसरायच्या नाहीत, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंना खारं पाणी आणि आत गोडं पाणी, म्हणून तर किल्ला लढवता यायचा. बाटलीची तीन झाकणं मातीत रुतवली की विहिरी तयार.

बघायला येणाऱ्यांना माहिती लेकानेच सांगायची, तुम्ही मध्ये बोलायचं नाही. दिवाळीनंतर माती सुकवून, फोडून कुंड्यांत घाला.

प्रश्न : मी मुलुंडला राहतो, वय 71. नातू सहा वर्षांचा, सुट्टीत दिवसभर मोबाईल. त्याला एकट्याने बाहेर न्यावंसं वाटतं पण गुडघे दुखतात, फार चालवत नाही, आणि सूनबाईंना काळजी वाटते. — एक आजोबा

उत्तर : आजोबा, बसून करायची सहल करा. सुट्टीतल्या कामाच्या दिवशी, सकाळची गर्दी ओसरल्यावर अकराच्या पुढे स्लो लोकलने सीएसएमटी, मुलुंडहून बसायला जागा मिळते. तिथून बेस्टची एसी डबल डेकर पकडून नरिमन पॉइंटपर्यंत. जिना चढणं जमत असेल तर वरचा मजला, पुढची सीट, ती मिळाली नाही तर पुढची बस येऊ द्या, घाई कुणाला आहे. नातवाला जुनी लाल डबल डेकर तुम्ही कधी, कुठल्या रूटवर पकडायचात ते सांगा, ती 2023 च्या सप्टेंबरमध्ये बंद झाली, त्याच्या वाट्याला ती आलीच नाही. शेवटच्या स्टॉपला उतरून समुद्राकडे तोंड करून बाकावर बसायचं, डबा खायचा, तशाच बसने परत. चारच्या आत परतीची गाडी धरली की गर्दी लागत नाही.

सूनबाईंची काळजी रास्त आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. नातवाच्या खिशात दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, दोन्ही टोकांना पोचल्यावर फोन करा, आणि स्टेशनांची नावं क्रमाने ओळखायचं काम नातवाकडे द्या म्हणजे तो दाराकडे न जाता खिडकीशी बसेल.

प्रश्न : घरात झाडं लावायला जागाच नाही, खिडकीच्या ग्रिलमध्ये दोन कुंड्या बसतील एवढंच. मुलांसोबत लवकर उगवेल असं काय लावू? मुलं पालेभाजीला तोंड लावत नाहीत ते वेगळंच. — एक आई, परळ

उत्तर : समुद्रमेथी. बाजारात त्या बोटभर उंचीच्या, मुळांसकट बांधलेल्या छोट्या जुड्या मिळतात ना, ती वाळूत वाढवलेली मेथीच. घरातले मेथीदाणे रात्रभर भिजवा, पसरट ट्रेला खाली भोकं पाडून माती नि वाळू निम्मी निम्मी घाला, दाणे अगदी दाट पसरा आणि वर पातळ थर. तीन-चार दिवसांत डोकं वर काढते, दहा-बारा दिवसांत कापायला येते. एका वेळी सगळा ट्रे पेरू नका, अर्धा आज आणि अर्धा पुढच्या आठवड्यात, म्हणजे सारखं काहीतरी उगवत राहतं. कोथिंबिरीला वेळ लागतो, मुलांचा धीर सुटतो, ती नंतर. कापल्यावर भाजी करत बसू नका, तेवढीशी पुरायची नाही, धुऊन थालीपिठाच्या पिठात घाला आणि थापायला मुलांनाच बसवा. ट्रे ग्रिलला तारेने घट्ट बांधायचा, खाली रस्ता असेल तर हे आधी. पाणी शिंपडायचं काम धाकट्याला द्या, कात्री तुमच्याकडे.