वॉर्डातून जनुकशास्त्राकडे जाताना

सांगली

प्रिय विद्यार्थी मित्रा,

अनेक आशीर्वाद. मिरजेतील इंटर्नशिप संपताच जनुकशास्त्र शिकावे आणि पुढे स्वतःची कंपनी काढावी, हा तुझा विचार मला मनापासून आवडला. वॉर्डातून बाहेर पडण्याची तुझी घाई मात्र मला पटत नाही, कारण ज्या प्रश्नावर तुझी कंपनी उभी राहील तो तुला रुग्णाजवळच सापडेल.

आपल्या भागात मामाची मुलगी करण्याची रीत अजून आहे. अशा जोडप्याची सरासरी एक अष्टमांश जनुके सामायिक असतात, त्यामुळे दोघेही एकाच अप्रभावी दोषाचे (आईवडील दोघांकडून आला तरच आजार करणाऱ्या दोषाचे) वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसताना तो बाळगणारे, निघण्याची शक्यता वाढते आणि तसे निघाल्यास प्रत्येक गरोदरपणात मूल बाधित होण्याचा धोका 25 टक्के असतो. म्हणून केसपेपरवर तीन पिढ्यांची वंशावळ काढायला शीक. कोणते मूल तान्हेपणीच गेले, कोणाला वारंवार रक्त चढवावे लागे, हे घरातल्या आजीला ठाऊक असते आणि तिला ते विचारायला वेळ द्यावा लागतो.

कोणती तपासणी करू नये, हेही वॉर्डातच कळते. बीटा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराची वाहक असलेल्या स्त्रीला रक्तक्षय समजून पुष्कळदा लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. तिचे निदान करण्यासाठी संपूर्ण जीनोम, म्हणजे तिची सगळी जनुकीय माहिती, वाचण्याची गरज नसते. सीबीसी या साध्या रक्ततपासणीनंतर एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी चाचणी करून त्यातील हिमोग्लोबिन ए2चे प्रमाण पाहिले की बहुतेक वेळा उलगडा होतो. पतीही वाहक निघाला, तर गर्भाच्या तपासणीआधी दोघांतील नेमके उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातील बदल, शोधावे लागते आणि तिथे जनुकचाचणीचे खरे काम सुरू होते. हा क्रम ज्याला माहीत नाही, तो गरीब कुटुंबाला महागडी चाचणी विकून मोकळा होतो.

1990 मध्ये सुरू झालेला मानवी जीनोम प्रकल्प 2003 मध्ये पूर्ण झाला. आज डीएनएची तीच सुमारे तीन अब्ज अक्षरे यंत्र काही दिवसांत वाचते. अडते ते अर्थ लावताना. मायबीपीसी3 या जनुकात 25 अक्षरे गळालेली असणे आणि हृदयस्नायूचा आजार यांचा संबंध 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. हा बदल भारतीय उपखंडातील सुमारे 4 टक्के लोकांत आढळतो, त्यामुळे केवळ युरोपीय लोकांच्या माहितीवर आपले अहवाल लिहिता येणार नाहीत. जीनोम इंडिया प्रकल्पाने 10,000 भारतीयांचे जीनोम वाचले ते याच गरजेतून. तेव्हा कंपनीआधी काही वर्षे पुण्यात किंवा हैदराबादला चांगल्या प्रयोगशाळेत राहून संख्याशास्त्र आणि संगणकीय विश्लेषण नीट शीक.

भांडवलाची चिंता त्यानंतर कर. बायरॅक या जैवतंत्रज्ञान उद्योगांना साहाय्य करणाऱ्या सरकारी संस्थेच्या बिग योजनेतून कल्पना सिद्ध करण्यासाठी 50 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातील व्हेंचर सेंटर नवउद्योजकांना जागा व उपकरणे देते. माणसे घेताना मात्र विक्री प्रतिनिधीआधी जनुकीय समुपदेशक, म्हणजे चाचणीचा अर्थ कुटुंबाला समजावून सांगणारा तज्ज्ञ, नेम. ज्या बदलाचा अर्थ अजून निश्चित नाही, तो निश्चित नाही असेच अहवालात स्पष्ट लिहिले गेले पाहिजे, कारण त्या कागदावर विसंबून एखादे जोडपे गर्भ ठेवायचा की नाही हे ठरवणार असते.

पुढच्या पत्रासोबत तू काढलेली एक वंशावळ पाठव. त्यातील नावे आणि गाव तेवढे गाळ.

तुझा,
एक ज्येष्ठ सहाध्यायी