‘लॉट’ : सौद्यातला, शेअरमधला आणि व्याकरणातला

आपण सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकानाचा पत्रव्यवहार पाहता आणि हळदीच्या सौद्यातला लॉट, आयपीओच्या (कंपनीच्या पहिल्या जाहीर शेअरविक्रीच्या) अर्जातला लॉट व ‘अ लॉट ऑफ’ हे शब्द एकच आहेत का, तसेच त्यापुढे ‘इज’ लिहावे की ‘आर’, असे विचारले आहे.

शब्द एकच आहे. जुन्या इंग्रजीत वाटणी किंवा निवड करण्यासाठी टाकलेल्या काडीला, म्हणजे आपल्याकडच्या चिठ्ठीला, लॉट म्हणत. पुढे चिठ्ठीने पदरात पडलेला वाटा आणि नशिबी आलेले भोग हेही अर्थ त्याला चिकटले. मूळ अर्थ कायद्यात आजही जिवंत आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ६५ नुसार दोन उमेदवारांना समान मते पडल्यास निवडणूक निर्णय अधिकारी चिठ्ठी टाकून निकाल देतो, आणि तेथे इंग्रजी शब्द ‘बाय लॉट’ असाच आहे.

वाट्याला आलेली जमीन तीही लॉट. अमेरिकेतला ‘पार्किंग लॉट’ त्यातलाच. लिलावात एकत्र विकायचा माल हा आपल्या रोजच्या वापरातला अर्थ. व्यापारी पोत्यातले हळकुंड मोडून आतला रंग पाहतो आणि बोली लावतो, ती त्या एका हळकुंडावर नव्हे तर संपूर्ण लॉटवर, म्हणून लॉटमधला माल एकसारखा असणे महत्त्वाचे. आयपीओत लॉट म्हणजे ठरावीक शेअरांचा गट. किरकोळ गुंतवणूकदारांचे अर्ज उपलब्ध लॉटपेक्षा जास्त आले की ते कोणाला द्यायचे हे सोडतीने ठरते. मला हे उदाहरण विशेष आवडते, कारण येथे शब्दाचा सर्वांत जुना अर्थ आणि आजचा बाजारातला अर्थ एकत्र येतात.

‘पुष्कळ’ हा अर्थ मागाहून आला. तेथे क्रियापद पुढच्या नामाप्रमाणे चालते : ‘अ लॉट ऑफ टर्मरिक इज’, पण ‘अ लॉट ऑफ बॅग्ज आर’. ‘अ’ आणि ‘लॉट’ नेहमी सुटे लिहावेत. जोडून लिहिलेला शब्द अशुद्ध आहे. ‘अलॉट’ म्हणजे वाटप करणे हे क्रियापद निराळे, त्यात ‘एल’ दोनदा येतो. खरेदीदाराला पत्र लिहिताना मात्र ‘लॉट्स ऑफ टर्मरिक’ कटाक्षाने टाळावे, कारण त्याचा अर्थ ‘भरपूर हळद’ एवढाच होतो; ‘टेन लॉट्स ऑफ टर्मरिक’ लिहिले तर दहा मोजलेले लॉट असाच अर्थ घेतला जातो, आणि त्यापुढे प्रत्येक लॉटची पोती व वजन लिहिणे केव्हाही चांगले.